ओंजळीवर संपणारी गोष्ट

वसुधा मॅडम, तुमच्या शोकसभेत लोक तुमच्याविषयी फार चांगलं बोलले. अशा वेळी 'त्यांना हे आवडलं नसतं' असं म्हणायची पद्धत आहे. पण तुम्हाला ते आवडलं असतं. तुम्ही पहिल्या रांगेत बसून मान डोलावली असती, आणि कुणी तुमच्या कार्यशाळेचं नाव चुकवलं असतं तर बसल्या जागेवरून दुरुस्त केलं असतं. प्राचार्यांनी ते चुकवलंच. 'माणूस वाचू या'ऐवजी 'माणूस घडवू या' म्हणाले. मी दुरुस्त केलं नाही.

मग ते म्हणाले, आता आपल्या सुजाता मॅडम त्यांची ती पाण्याची गोष्ट सांगतील, वसुधाताईंना हीच खरी श्रद्धांजली ठरेल. सगळं सभागृह माझ्याकडे वळलं. मी मान हलवून नाही म्हटलं. प्राचार्यांना वाटलं, मला भरून आलंय. त्यांनी मायेने हात वर करून 'असू द्या, असू द्या' केलं. मला भरून आलं नव्हतं, मॅडम. मला राग आला होता, तो तुमच्यावर होता, आणि तो ऐकून घ्यायला तुम्ही जागेवर नव्हतात.

सभा संपताना त्यांनी जाहीर केलं की तुमची कार्यशाळा यापुढे तुमच्या नावाने चालेल आणि ती मी चालवेन. मला आधी विचारलं नव्हतं. नंतर केबिनमध्ये बोलावून म्हणाले, सोमवारपर्यंत कळवा, म्हणजे बॅनर छापायला टाकतो. हो म्हणायचं की नाही, हे मला ठरवता येत नाही. म्हणून तुमच्याशी बोलतेय. आपलं भांडण अर्धवट राहिलंय, आणि ते अर्धवट टाकून तुम्ही निघून जाणं मला अजिबात पटलेलं नाही.

कार्यशाळा तशी साधी. हॉलच्या मधोमध एक खुर्ची, भोवती सतरंजीवर मुलं. खुर्चीत बसेल ते पुस्तक, बाकीचे वाचक. वाचकांनी काहीही विचारायचं, पुस्तकाने खरं सांगायचं. तीन-तीन वर्षं एका बाकावर बसणारी पोरं एकमेकांची आडनावं सोडून काही जाणत नाहीत, आणि आडनाव कळलं की सगळं कळलं असं समजतात, हे तुम्हाला फार खुपायचं. ते खुपणं खरं होतं. दुसऱ्या कुणाला ते खुपतही नव्हतं, हेही मी मान्य करते. त्या खुर्चीत मालेगावचा एक मुसलमान मुलगा बसायचा, पेठकडच्या पाड्यावरची एक मुलगी बसायची, दृष्टी कमी असलेला एक मुलगा बसायचा. आणि मी. तुमच्या कपाटातलं सगळ्यात जास्त वाचलं गेलेलं पुस्तक मी होते. विद्यार्थिनी असताना बसले, एम.ए.ला असताना येऊन बसले, याच कॉलेजात तुमची सहकारी झाल्यावरही बसले.

माझी गोष्ट तुम्हाला पाठ होती. तरी पुन्हा सांगते, कारण तुमच्याकडे असलेली गोष्ट माझी नाही.

नांदगावला मी शाळकरी असताना शोभाकडे खेळायला गेले होते. शोभा माझ्या वर्गातली. मला तहान लागली. तिच्या आजीने मला ओट्याखाली बसवलं, ओंजळ धरायला लावली आणि वरून पाणी ओतलं. मी प्यायले. पाणी कोपरावरून फ्रॉकवर गळलं. आम्ही बौद्ध आहोत आणि म्हणून हे असं झालं, एवढं मला त्या वयात कळलं होतं. इथे तुमची गोष्ट संपते. माझी संपत नाही. घरी आईने ओला फ्रॉक पाहिला आणि काय झालं ते सगळं माझ्याकडून वदवून घेतलं. दुसऱ्या दिवशी दुपारी ती इस्त्रीची साडी नेसली, मला बरोबर घेतलं, शोभाच्या ओट्यावर जाऊन बसली आणि म्हणाली, मावशी, पाणी द्या. आजी इकडेतिकडे बघायला लागली. आई बसून राहिली. शेजारच्या बाया दारात येऊन उभ्या राहिल्या, तरी आई हलली नाही. शेवटी आजीने तांब्याभांडं आणून दिलं. आई भांड्याला तोंड लावून सावकाश प्यायली आणि म्हणाली, "गोड हाय पाणी तुमचं, मावशी. पोरीला बी असंच देत जा." त्यानंतर त्या घरी मला कायम भांड्यातूनच पाणी मिळालं.

पहिल्यांदा मी हे सगळं सांगितलं होतं. मुलं हसली होती, आईच्या वाक्याला टाळ्या पडल्या होत्या. संपल्यावर तुम्ही मला बाजूला घेतलंत. म्हणालात, "सुजाता, आई येते तिथे गोष्ट सैल पडते. मुलांना हायसं वाटतं, आणि हायसं वाटलं की ती घरी जाऊन विसरतात. तू ओंजळीवर संपव."

आज मी स्वतः शिकवते, त्यामुळे तुमचं म्हणणं मला कळतं. वर्गाला अस्वस्थ सोडायचं असतं. तुमचा अंदाज बरोबरच होता. पुढच्या वेळी मी ओंजळीवर थांबले तेव्हा मुली रडल्या, एक मुलगा उठून बाहेर गेला, तुम्ही चष्मा काढून पुसलात. मग दर वर्षी तसंच. 'ओली ओंजळ' म्हटल्यावर थोडं थांबायचं, हेही तुम्हीच शिकवलंत. वडील तहसील कचेरीत कारकून होते, घरी मोटरसायकल होती, रविवारी आम्ही चौघं तिच्यावर बसून फिरायला जायचो, हे कुणी विचारलं नाही तर सांगू नकोस, असंही म्हणालात. हसत म्हणालात, पण म्हणालात.

एका वर्षी आई आली होती. लेक सगळ्यांसमोर बोलणार म्हणून नांदगावहून सकाळच्या गाडीने आली, पर्स मांडीवर घेऊन शेवटच्या रांगेत बसली. तुम्ही तिचं किती कौतुक केलंत, तिचे हात हातात घेतलेत, सगळ्यांना अशी आई मिळावी म्हणालात. परतताना रिक्षात तिने आधी पदर सारखा केला. मग म्हणाली, "छान बोलली तू. मॅडम बी रडल्या. पण मी कुठं गेले गं त्यातून?"

मी म्हटलं, वेळ कमी होता. ती हो म्हणाली आणि बाहेर बघायला लागली. मॅडम, माझ्या आईने आयुष्यात एकच गोष्ट अशी केली होती की जिच्यावर टाळ्या पडाव्यात. ती तुम्ही कापलीत. आईलाही जाऊन आता बराच काळ झाला. तुमच्या फोटोला हार घालताना मला हेच आठवत होतं, आणि हार सरळ बसत नव्हता, तर मी तो तसाच राहू दिला.

तुमच्याविषयी वाईट बोलायला बसले की तुमचं घर आडवं येतं. कॉलेज रोडवरचं ते तळमजल्याचं घर. माझ्या होस्टेलच्या खोलीत अभ्यास होत नव्हता, तर तुम्ही मला सरळ घराची किल्ली दिलीत. मी दुपारी यायची, तुमच्या जेवणाच्या टेबलावर वह्या पसरायची. माझ्या एम.ए.च्या प्रत्येक निबंधावर तुमचं हिरवं पेन फिरलंय. मुलाखतीला जाताना कुठली साडी नेसायची ते तुम्ही सांगितलंत, आणि वडिलांना बरं नव्हतं तेव्हा तुम्ही दवाखान्याच्या बाकावर माझ्याशेजारी बसून राहिलात. आज मी वर्गात उभी राहते ती तुमच्यामुळे. हे मी कुठेही सांगेन. शोकसभेत सांगितलं नाही, कारण तिथे मला हे विचारलं नव्हतं, ओंजळ विचारली होती.

पण त्याच घरात कपही होता. तुम्ही, काका, तुमची मुलं, सगळे स्टीलच्या पेल्यातून चहा घ्यायचात. मला मात्र निळ्या फुलांचा चिनी मातीचा कप, बशीसकट. तो रोज कपाटातून निघायचा आणि धुऊन परत कपाटात जायचा. या मुलीला आमच्याकडे सगळ्यात चांगलं मिळालं पाहिजे, असं तुमच्या मनात होतं. ते मला दिसत होतं, मी आंधळी नव्हते. एकदा काकांनी घाईत त्या कपात स्वतःला चहा ओतून घेतला. तुम्ही आतून बघितलंत आणि अगदी प्रेमाने म्हणालात, "अहो, तो तिचा कप आहे." काकांनी लगेच चहा पेल्यात ओतला. कुणाला काही वाटलं नाही. काका पेपर वाचायला लागले. मी मान खाली घालून लिहीत राहिले आणि त्या दिवशी काय लिहिलं ते मला कळलं नाही. शोभाच्या आजीत आणि तुमच्यात फरक होता, मॅडम, खूप फरक होता. पण मला स्टीलच्या पेल्यातून चहा प्यायचा होता. हे मी तुम्हाला कधीच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तुम्ही दुखावला असतात, मग रडला असतात, आणि मग मला पुढच्या कार्यशाळेत ही गोष्ट सांगायला लावली असतीत.

बाकी तुम्हाला माझ्याविषयी काय माहीत होतं? माझ्या नवऱ्याचं नाव प्रशांत. तुम्ही त्याला प्रमोद म्हणालात, मग प्रकाश, शेवटी 'तुझे मिस्टर' यावर कायमच्या थांबलात. मी कॉलेजच्या कॅरमच्या टीममध्ये होते. मला नकला करता येतात, तुमची तर इतकी हुबेहूब की स्टाफरूममध्ये लोक दार लावून घेतात. माझ्या वर्गात पोरं पोट धरून हसतात. तुमच्यासमोर मी कधी विनोद केला नाही, कारण मी तोंड उघडलं की तुमचा चेहरा आधीच दुःखी व्हायचा.

आपलं भांडण झालं ते गेल्या वर्षी, स्टाफरूममध्ये. कार्यशाळेच्या आधी तुम्ही यादी करत होतात आणि माझं नाव न विचारता लिहिलंत. मी म्हटलं, यंदा मी बसणार नाही. तुम्ही पेन खाली ठेवलंत. मी म्हटलं, यंदा तुम्ही बसा.

तुम्ही खरोखर गोंधळलात. म्हणालात, "मी? माझ्यात काय आहे सांगण्यासारखं? आम्ही साधी माणसं."

मला वाटलं, ही थट्टा आहे. पण ती थट्टा नव्हती. इतकी वर्षं मुलांना ओळख म्हणजे काय ते शिकवलंत आणि स्वतःला काही ओळख आहे असं तुमच्या डोक्यातही आलं नव्हतं. ती आम्हाला होती. मालेगावच्या मुलाला होती, पाड्यावरच्या मुलीला होती. तुम्ही नुसत्या माणूस होतात. मी तुम्हाला विचारलं, तुमच्या माहेरी धुणं-भांडी करणाऱ्या बाईंना चहा कशातून द्यायचे? तुम्ही म्हणालात, तो काळ वेगळा होता. मी विचारलं, तुमच्या मुलाचं लग्न ठरवताना तुम्ही कुणाकुणाच्या मुली बघितल्यात? तुमचा चेहरा उतरला. शेजारच्या टेबलावरचे सगळे एकदम पेपर तपासायला लागले. मग मी जे म्हणाले ते शब्दन् शब्द लक्षात आहे. मी म्हणाले, "मॅडम, माझा अपमान आता जुना झाला. दुसरा शोधा."

तुम्ही शोधलात. तुम्ही कामात कधी चुकारपणा केला नाहीत.

रंजना सुरगाण्याच्या पलीकडच्या पाड्यावरची, एफ.वाय.ला आहे. आश्रमशाळेत पहिल्याच दिवशी ती आपल्या घरच्या बोलीत बोलली म्हणून गुरुजींनी तिला बाकावर उभं केलं आणि सगळा वर्ग हसला. तुमच्यासाठी गोष्ट तयार होती. फक्त एक अडचण होती. पुढे त्याच गुरुजींनी तिच्याकडून ती बोली शिकून घेतली, आणि शाळा सुटताना ते तिच्याशी तिच्याच भाषेत बोलले, हे तिला सांगायचंच असायचं. फार रंगवून सांगायची, गुरुजींचे चुकीचे उच्चार करून दाखवायची.

शेवटचं तुम्हाला भेटले ते हॉस्पिटलमध्ये. भांडणानंतर आपण कामापुरतंच बोलत होतो. मी ठरवून आले होते की निदान कपाचं सांगायचं. तुम्ही इतक्या बारीक झाला होतात की मी आधी शेजारच्या कॉटकडे गेले. तुम्ही मला जवळ बोलावलंत, ऑक्सिजनचा मास्क बाजूला केलात. मला वाटलं, आता काहीतरी बोलणार, मलाच उद्देशून काहीतरी. तुम्ही म्हणालात, "रंजनाची तयारी करून घे. ती शेवट लांबवते."

मी मास्क परत जागेवर बसवला. माझा हात तुमच्या गालाला लागला. मला वाटलं, इतक्या वर्षांत आपण एकमेकींना पहिल्यांदाच हात लावतोय, आणि तेवढ्यावरूनही मी तुमच्यावर चिडून घेतलं. घरी पोचल्यावर आठवलं की माझी पीएच.डी. झाली त्या दिवशी तुम्ही पार्किंगमध्ये सगळ्यांसमोर मला मिठी मारली होती, आणि सोडायलाच तयार नव्हतात. हे मी कसं विसरले, मला माहीत नाही. राग आला की माणूस अशी कापाकापी करतो बहुतेक. तेव्हा मी रडले. प्रशांतने विचारलं काय झालं, तर म्हटलं, मॅडम वाचणार नाहीत.

शोकसभेत मी नाही म्हटल्यावर प्राचार्यांनी रंजनाला उभं केलं. ती माइकपाशी गेली. बाकावर उभं केल्याचं सांगितलं, वर्ग हसल्याचं सांगितलं, मग थांबली. बरोबर तिथेच, तुम्ही सांगितलं होतं तिथे. मी वाट बघत होते की आता गुरुजी येतील. गुरुजी आले नाहीत. ती नमस्कार करून जागेवर येऊन बसली. बायका डोळे पुसत होत्या, आणि शोकसभेत टाळ्या वाजल्या. तिची तयारी मी करून घेतली नव्हती, मॅडम. तिची तिनेच केली.

सभा सुटल्यावर मी तिला व्हरांड्यात गाठलं. ती चपला शोधत होती. मी तिला सांगितलं की कार्यशाळा आता बहुतेक माझ्याकडे येतेय आणि तुला त्या खुर्चीत बसायची गरज नाही. मग माझ्या डोक्यात केव्हापासून घोळत होतं तेही सांगून टाकलं. पहिल्या दिवशी खुर्चीत मी वसुधा मॅडमना बसवणार आहे. खुर्ची रिकामी ठेवायची, शेजारी मी उभं राहायचं आणि मुलांनी विचारायचं. मॅडम कुठल्या घरात वाढल्या, त्या घरात कोण कुठपर्यंत येऊ शकत होतं, त्यांनी कुणाला कशातून चहा दिला, सून कशी निवडली. मला सगळं माहीत आहे, मी सगळं सांगेन. मॅडम, खरं सांगते, मला ते बोलताना बरं वाटत होतं. चांगलं खमंग बोलत होते.

रंजनाने चपला घातल्या. म्हणाली, "पण मॅडम, त्यांना इचारलं का?"

मी म्हटलं, त्या आता नाहीत ना गं.

"म्हंजी त्यांना नाय म्हणता येणार नाय," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, तिला खरंच तेवढंच विचारायचं होतं. मग बस चुकेल म्हणून ती गेली.

मी व्हरांड्यात उभी राहिले. प्राचार्यांची गाडी गेली, शिपायाने हॉलला कुलूप लावलं. त्या पोरीने मला जागच्या जागी तुमच्या शेजारी नेऊन उभं केलं होतं. तुमच्या आयुष्यातलं काय ठेवायचं आणि काय कापायचं, ते मी ठरवून बसले होते. किल्ली मी कापणार होते. दवाखान्यातला बाक कापणार होते. पार्किंगमधली मिठी तर मी आधीच कापली होती. तुमची गोष्ट मी कपावर संपवणार होते, कारण तिथे ती सगळ्यात जास्त लागते.

सोमवारी मी प्राचार्यांना हो सांगणार आहे. रंजनाला बसायचं असेल तर ती बसेल आणि हवा तेवढा शेवट लांबवेल. गुरुजींचे उच्चार ऐकायला मी पहिल्या रांगेत असेन. नसेल बसायचं तर नाही. माझी गोष्ट मी पुन्हा सांगितली तर ती आईवर संपेल, मुलांना हायसं वाटलं तर वाटू दे.

राहता राहिलात तुम्ही. तुम्ही त्या खुर्चीत बसायला हवं असं मला अजूनही वाटतं. तुमच्यासारखं कुणीतरी तिच्यात बसल्याशिवाय ती कार्यशाळा खोटीच राहील, हे माझं म्हणणं मी मागे घेत नाही. पण या वेळी कपही सांगेन आणि किल्लीही सांगेन, जे आहे ते सगळं. म्हणून विचारते आहे, मॅडम. बसाल का?

तुम्ही मलाही विचारलं होतं, खोटं कशाला बोलू. पहिल्या वर्षी, भरल्या वर्गात, माझ्याकडे बघून विचारलंत, आणि मी गप्प राहिले. ते गप्प राहणं म्हणजे हो, असं तुम्ही धरलंत.

आता तुम्ही गप्प आहात.